कडू वेलाचं पहिलं वर्ष

"वहिनी, जरा पाय घ्या. फीत अडकतेय."

थोरली वाफ्याशी उकिडवी बसली होती. तिनं पाय घेतला. धाकट्या दिरानं तिच्या टाचेखालून मोजायची फीत ओढली, पार कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत नेली, अंगठ्यानं दाबून धरली आणि आकडा वाचला. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. लांबी पंधरा फूट, रुंदी सात. हाच आकडा त्यानं गेल्या रविवारीही वाचला होता. आठवड्याभरात जागा वाढत नाही, पण मोजणाऱ्याचं समाधान वाढतं.

"तेवढीच आहे ना?" तिनं विचारलं.

"तेवढीच. मशीन आडवी बसेल, वर पत्रा टाकला की झालं काम." त्यानं फीत सोडली, ती सळसळत त्याच्या मुठीत शिरली. "तुमचं कसं काय? आज एखादं पान जास्त दिसतंय."

"दोन."

"आणि पिवळी?"

तिनं ती हातानं झाकली. पिवळी सात होती.

घर गवंड्याचं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते स्वतःच्या हातानं बांधलेलं. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला मुलगा विटांचा ट्रक चालवायचा आणि पंधरा पंधरा दिवस रस्त्यावर असायचा. धाकटा फरशी बसवायचा. थोरली अकरा वर्षं बिअरच्या कारखान्यात बाटल्या धूत होती. मग बाटल्या धुणारं यंत्र आलं आणि सात बायका घरी गेल्या. शेवटच्या दिवशी बिअर उकळायच्या कढईवरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला ओल्या गोणपाटात गुंडाळून बोटभर लांबीचे पाच मुळाचे तुकडे दिले. हॉपच्या वेलाचे. बिअरला जो कडूपणा येतो तो ह्याच्या फुलांनी.

"जमिनीत खुपस," मास्तर म्हणाले होते. "दोन मजले चढतो हा वेल. फुलं धरली की माझ्याकडे आण. मी आहे तोवर दुसऱ्या कुणाची घेणार नाही."

त्या जोरावर तिनं घरात तोंड उघडलं. लग्नाच्या एकोणीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट: स्वयंपाकघरामागची पट्टी. धाकट्याला तीच पट्टी फरशी कापायच्या शेडसाठी हवी होती आणि त्यानं ती आधीच मनात बांधून टाकली होती. जेवताना दोघं बोलले. आबांनी घास संपवला, पाणी प्यायलं आणि निवाडा दिला.

"उन्हाळा संपेपर्यंत जागा हिची. भिंतीवर आठ फुटांवर तार ताणू. वेल तारेला लागले तर जागा कायमची हिची. नाही लागले, तर तुझं सिमेंट येऊ दे."

"लागतील," ती लगेच म्हणाली. दोन मजल्यांपुढं आठ फूट म्हणजे काहीच नाही, असा तिचा हिशोब.

आता उन्हाळ्याचे अकरा दिवस उरले होते आणि सगळ्यात उंच वेल तिच्या गुडघ्याला लागत होता.

तिनं काय केलं नव्हतं? खत कमी पडलं असेल म्हणून कुजलेलं शेणखत आणून घातलं. पानामागं बारीक तांबडे किडे दिसले तेव्हा साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक पान पुसलं, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. किडे गेले, पिवळेपणा राहिला. दुपारी पानं मान टाकत. माती तर वरून ओली असे. सकाळी उठून बघावं तर चांगली गच्च ओली. तिला वाटे, दंव पडत असेल. पाणी ती आठवड्यातून दोनदाच घालत होती, तेही मोजून.

फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चार पानांसाठी घरात वितुष्ट नको." पलीकडून ट्रकचा हॉर्न वाजला आणि तिच्या संसारातलं आणखी एक बोलणं अर्धं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यात वाईट दिसणारं पान खुडलं, वहीच्या पानांत दाबलं आणि कारखान्याच्या मागच्या दाराला गेली. पुढच्या दारानं जायचा हक्क गेला होता, आणि मागच्या दाराचा पहारेकरी ओळखीचा होता. आत धान्य उकळल्याचा गोड, जड वास भरलेला. मास्तर ओल्या एप्रनला हात पुसत बाहेर आले. त्यांनी पान डोळ्यांना नाही, आधी नाकाला लावलं.

"पाणी किती घालतेस?"

"आठवड्यातून दोनदा. झाडामागं एक डबा."

"खोटं बोलू नकोस."

"मास्तर, मी तुमच्याशी कधी खोटं बोलले?"

"फुटलेल्या बाटल्यांच्या वेळी बोलायचीस." त्यांनी पान उजेडात धरलं. "हे बुडालेलं पान आहे. ह्याचे पाय पाण्यात आहेत. वरून तहानल्यासारखं दिसतं, कारण मूळ सडलं की ते पाणी ओढत नाही. घरी जा, एका झाडाशेजारी खण आणि वास घे. मातीचा वास आला तर मी चुकलो. गटाराचा आला तर तू."

"बरं, आणि आठ फूट कधी चढेल?"

"ह्या वर्षी?" मास्तर हसले. "ह्या वर्षी कुठला चढतोय? पहिलं वर्ष सगळं मुळाचं. वर तो नुसता जिवंत असल्याचं दाखवतो. चढायचं ते दुसऱ्या वर्षी."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का? तू मुळं घेतलीस आणि रडत सुटलीस."

घरी येईपर्यंत तिचा हिशोब उलटला होता. झाडं वाचवली तरी ती तारेला लागणार नव्हती. आणि वाचवली नाहीत तर तारेचा प्रश्नच नव्हता.

तिनं पदर खोचला, फावडं घेतलं आणि कोपऱ्यातल्या वेलापासून वीतभर अंतरावर घाव घातला. वरची चार बोटं माती सहज निघाली. मग फावडं खणकन वाजलं. दगड असेल म्हणून तिनं बाजूला मारलं, तिथंही तेच. तिनं पहार आणली. पहारीच्या टोकाशी मातीची खपली निघाली, सपाट, दाबलेली, आणि तिच्याखाली आणखी एक तशीच. थरावर थर. पायाच्या खड्ड्यात भर घालतात तसे, चार चार बोटांचे, धुम्मसनं ठोकून बसवलेले. हातभर खाली गेल्यावर खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं, करडं आणि दाट. तिनं वाकून वास घेतला आणि मान फिरवली.

लावणीच्या दिवशी तिनं खड्डे खणले होते आणि आबा म्हणाले होते, "तू जा, चहा टाक. भरायचं मी बघतो." ती आत गेली होती. चहाला उकळी येईपर्यंत बाहेरून धुम्मसचा धप धप आवाज येत होता, आणि तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. ह्या घरात आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करतंय, म्हणून. साखर जरा जास्तच पडली होती त्या दिवशी.

चाळीस वर्षं ज्यानं भर ठोकून बसवली, त्यानं इथंही ठोकून बसवली. वेलाखालची जमीन त्यानं चौथरा करून टाकली होती.

पण पाणी? पाणी कुठून आलं?

ते तिला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. नळाच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघराचं मागचं दार किलकिलं होतं. बाहेर नुकतं दिसायला लागलेलं. आबा वाफ्याशी उभे होते, हातात पाइप. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून त्यांनी पाण्याचा पंखा केला होता आणि तो डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, एकही जागा कोरडी न ठेवता फिरवत होते. वेलांवर मारलं, वेलांमागच्या भिंतीवर मारलं, आठ फुटांवरच्या तारेवरही मारलं. उजवा हात थरथरत होता म्हणून त्यांनी त्याचं मनगट डाव्या हातानं धरलं होतं.

"पी," ते पुटपुटत होते. "पी. पाणी कमी पडलं की तडा जातो."

थोरलीचा हात दाराच्या कडीवर होता. तिनं दार ढकललं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बांधकामावर आबांनी ओळंबा सोडला आणि तो थांबेचना. हातातल्या थरथरीनं झुलत राहिला. खालचा मुकादम बराच वेळ बघत होता. मग धाकट्यानं त्यांना गाडीवर मागं बसवून घरी आणलं आणि म्हणाला, "आता आराम करा." हा शब्द त्या घरात त्याआधी कुणी वापरला नव्हता. तेव्हापासून आबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसत आणि समोरून जाणाऱ्या मिस्त्र्यांची नावं घेत. कुणी हाक मारली तर उठून दारात जात. हाका कमी झाल्या होत्या.

तिनं ठरवलं, सांगायचं नाही. नुसतं पाणी बंद करायचं. त्या दिवशी तिनं पाइप गुंडाळून न्हाणीघरातल्या माळ्यावर टाकला.

"पाइप कुठंय गं?" आबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"फाटला होता, आबा. दुरुस्तीला दिलाय."

"पाइप दुरुस्तीला देतात?" ते म्हणाले आणि विचारात पडले.

त्याच्या पुढच्या पहाटे ते बादली घेऊन निघाले. अर्धं पाणी स्वयंपाकघरात सांडलं, पाव उंबऱ्यावर. ती फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या पायांभोवतीचं पाणी टिपत राहिली.

"सांडलं जरा," ते म्हणाले.

"असू दे."

"उरलंय थोडं. तेवढं घालून येतो."

उरलेलं सगळं पाणी त्यांनी पाचही झाडांना वाटून दिलं, भांडण नको म्हणून सारखं सारखं.

जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. "झाडांना पाणी कमी पडतंय. ही आठवड्यातून दोनदा घालते. दोनदा! दोनदा पाणी मारून स्लॅब तरी राहील का?"

धाकट्याला ठसका लागला इतकं हसू आलं. "ऐका वहिनी. कारखान्यात पाण्यातच होतात ना अकरा वर्षं? तरी हात आखडलाच."

"सात दिवस आहेत अजून," आबा त्याला म्हणाले. "गप जेव."

ते तिच्या बाजूनं बोलले होते. ह्या माणसाला खरं सांगावं तर त्याच्याकडचं शेवटचं काम जात होतं. न सांगावं तर तिचं पहिलं.

दोन दिवसांत दोन वेल आडवे झाले. धाकटा कामावर गेल्यावर ती पुढच्या खोलीत गेली.

"आबा, जरा मागं येता? एक दाखवायचंय."

ते आले. तिनं कोपऱ्यातला खड्डा उघडा ठेवला होता. आबा भिंतीला हात लावून हळूहळू गुडघ्यांवर बसले, थराच्या कडेवर अंगठा रेटला, नखानं खरवडलं. चेहरा खुलला.

"भर कुणी केलीय ही? झकास. हत्ती उभा केला तरी खचणार नाही." मग खालचं करडं पाणी दिसलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. बराच वेळ ते बोट तसंच धरून बसले.

"मुळांना भुसभुशीत लागते माती," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा आवाज कोरडा निघाला. "पाणी खाली जायला जागा नाही. आणि रोज पहाटे..."

"तू पाहिलंस."

"हो."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"म्हणजे पाइप फाटला नव्हता."

ते उठायला गेले, जमलं नाही. तिनं हात पुढं केला. त्यांनी तिच्या हाताकडं बघितलं, मग भिंत धरली आणि स्वतःचे स्वतः उठले. जाताना म्हणाले, "सहा इंच तरी मोकळी ठेवायला हवी होती," आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं.

दोन दिवस ते दार फक्त ताटापुरतं उघडलं. एकदा ताट तसंच परत आलं. थोरली दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. काय म्हणणार? चुकलं म्हणावं तर चुकलं नव्हतं. मग ती पहार घ्यायची.

एकेक खड्डा फोडणं म्हणजे पायाच उखडणं होतं. पहार आपटली की मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जायची. आबांच्या कामात दोष नव्हता, हीच अडचण होती. तळहाताला फोड आले, फुटले, तिनं चिंध्या गुंडाळल्या. वेल अलगद काढायचा, काळी मऊ पडलेली मुळं कात्रीनं छाटायची, पांढरी दिसतील तेवढी ठेवायची. खाली वाळू, वर मोकळी माती, मातीचा उंचवटा करून त्यावर मूळ, आणि उन्हाला आडवं गोणपाट. वाळू दारापुढच्या ढिगातून आणली. ढीग धाकट्याचा होता. विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं, आणि वाळूशिवाय भागत नव्हतं. चौदा घमेली.

तीन वेल झाले. दोन राहिले.

उन्हाळ्याचे तीन दिवस शिल्लक असताना, भर दुपारी, घरापुढं टेम्पो येऊन थांबला. दोन हमाल उतरले. धाकटा पुढच्या सीटवरून उतरला आणि ढिगाशीच थबकला.

"वाळू कुणी नेली?"

थोरली कोपरापर्यंत चिखलात होती. तशीच घराला वळसा घालून पुढं आली. "मी. चौदा घमेली."

"कशाला?"

"मुळांखाली. पाणी खाली जायला."

"वहिनी, ती चाळलेली वाळू होती."

ह्यावर तिला खरोखर वाईट वाटलं. वाळू चाळल्यावर त्याचे डोळे दोन दिवस लाल असत, ते तिनं पाहिलं होतं.

"आणि हे सिमेंट?" तिनं विचारलं. "तीन दिवस आहेत अजून."

"टेम्पो रिकामा मिळाला. आज काय आणि तीन दिवसांनी काय?" तो मागं वाफ्याकडं चालू लागला, हमाल पिशव्या खांद्यावर घेऊन त्याच्यामागं. "आठ फूट चढणार आहेत का तीन दिवसांत? तुम्हीच सांगा."

त्यानं वाकून चौथा वेल बुडाशी धरला आणि ओढला. ओल्या गिलाव्यातून काठी निघावी तसा तो आवाजसुद्धा न करता निघाला. मुळं काळी, लिबलिबीत. जवळच्या हमालानं नाकाला बाही लावली.

"हे बघा. मेलंय हे." धाकट्यानं आवाज चढवला. "आबा! बाहेर या जरा!"

आबा स्वयंपाकघराच्या दारात आले. दोन दिवसांची दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं.

"उन्हाळाभर ही जागा अडवून धरली आणि काय केलं बघा," धाकटा म्हणाला. मग तिच्याकडं वळला. "नेमकं केलंत काय तुम्ही, वहिनी? साधं वाळवंटात टाकलं असतं तरी असं सडलं नसतं."

पहार मारता मारता तिनं ह्याचं उत्तर दोन दिवस घोकलं होतं. सगळे शब्द जागच्या जागी होते. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. हमाल बघत होते. आबा बघत नव्हते, ते चौकटीवरचा कुठलातरी खिळा न्याहाळत होते.

"पाणी जास्त झालं," ती म्हणाली. "माझ्याच हातून. मला अंदाज आला नाही."

"मग झालं तर." धाकट्यानं वेल टाकला नाही, हातातच ठेवला, आणि हमालांना खूण केली. "टाका इथंच."

पहिली पिशवी वाफ्याच्या कडेला धप्पकन पडली. सिमेंटची धूळ उडाली आणि गोणपाटाखालच्या वेलावर जाऊन बसली.

"उचल ती," आबा म्हणाले.

हमाल थांबला. त्यानं धाकट्याकडं बघितलं.

"त्याच्याकडं काय बघतोस? उचल." आबा पायरी उतरले. "ही खोटं बोलतेय. खड्डे मी भरले. पायाची भर करतात तसे धुमसून भरले. आणि पाणी मी मारलं, रोज पहाटे, भिंतीला मारतात तसं. ह्या घरात पाण्याचा अंदाज चुकलाय तो माझा."

मोठा हमाल आबांना ओळखत होता. तो सभ्यपणानं आपल्या पायांकडं बघू लागला.

धाकट्याचा आवाज खाली आला. "असू दे, आबा. सगळ्यांसमोर कशाला?"

"तू तिला सगळ्यांसमोरच विचारलंस."

आबा वाफ्याशी आले. हात थरथरत होता, तो त्यांनी लपवला नाही. "माझ्या दोन भिंती चुकल्या आजवर. दोन्ही मी स्वतः पाडल्या, स्वतः परत बांधल्या. मालक बोंबलले, पण वाकडी भिंत ठेवून मी घरी आलो नाही. हेही काम माझंच चुकलंय. मी परत करून देणार."

"तुम्ही?" धाकटा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आबा, तुमच्यानं पहार उचलते का आता?"

"नाही उचलत. म्हणून तर वर्षभराची मुदत मागतोय."

दुसऱ्या हमालाला हसू फुटलं. मोठ्या हमालानं कोपर मारल्यावर ते थांबलं.

"पुढचा उन्हाळा संपेपर्यंत जागा हिची," आबा म्हणाले. "तारेची अट मी घातली, ती मी काढली. मला वेलाचं काय कळतंय."

"आणि मी?" धाकट्याच्या मुठीत वेल चेंगरत होता. "मी रस्त्यात बसून फरशी कापतो. समोरचे खिडक्या लावून घेतात. रात्रभर खोकतो मी, ऐकू येत नाही कुणाला? मशीन ताडपत्रीखाली गंजतेय. मी पण ह्याच घरातला आहे ना?"

हे सगळं खरं होतं. थोरली त्याचा खोकला रोज ऐकत होती. तिनं खाली बघितलं.

"पुढची खोली घे," आबा म्हणाले.

"तुमची?"

"माझी खाट मधल्या खोलीत टाक. रस्त्याकडची खिडकी फोडून दाराएवढी कर, म्हणजे धूळ बाहेर जाईल. भिंत माझी आहे, कुठं फोडायची ते मी सांगतो. भलतीकडं फोडशील आणि छत अंगावर घेशील."

"मग तुम्ही बसणार कुठं दिवसभर?"

आबांनी ह्याचा विचार केलेला दिसत नव्हता. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "बसायला वेळ मिळतोय कुणाला आता," ते म्हणाले.

धाकट्यानं वाकून तो मेलेला वेल वाफ्याच्या कडेला ठेवला, उगाचच जपून, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "सिमेंट पुढं घ्या रे." जाता जाता पुढं जोडलं, "उरलेली वाळू मोजून ठेवतोय मी." ते कुणाला उद्देशून होतं ते त्यानं सांगितलं नाही. पुढं आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण फीतही दिसली नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर दोघं पाचव्या वेलाशी बसले. तिनं पहारीनं थर फोडले, आबांनी ढेकळं हातात घेऊन चुरली. मातीची एवढी बारीक भुकटी त्यांनी आयुष्यात कशासाठी केली नसावी. मूळ बाहेर आलं तेव्हा दोघांनी एकदमच मान पुढं घातली. काळं, काळं, सगळं काळं. मग छाटता छाटता आत, अगदी गाभ्याशी, एक पांढरा धागा निघाला. सुतळीएवढा.

"जगेल?" आबांनी विचारलं.

"माहीत नाही. चौथा तर गेलाच. पहिल्याचंही काही खरं नाही."

"पाचातले तीन." त्यांनी मान हलवली. "आता पाणी?"

"एक तांब्या. बास."

"आणि उद्या?"

"उद्या नाही."

"परवा?"

"बोट घालून बघायचं. कोरडी लागली तर द्यायचं."

"कुणी बघायचं?"

"मी," ती म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

आबांनी तिच्याकडं जरा रोखून बघितलं. मग दाढी खाजवली. "बरं, मिस्त्री," ते म्हणाले.

तिनं वेल उंचवट्यावर बसवला. दोघं मिळून माती लोटू लागले, सैल, न दाबता. मूळ झाकलं गेलं आणि आबांचा थरथरता तळवा आपसूक त्या मातीवर टेकला आणि दाबू लागला. एकोणीस वर्षांत तिनं त्या हातात ताटं दिली होती, औषधं दिली होती, पण तो हात धरला नव्हता. तिनं तो मनगटाला धरून उचलला आणि बाजूच्या कोरड्या जमिनीवर ठेवला.

थोड्या वेळानं तो पुन्हा तिथंच होता. तिनं पुन्हा उचलला.